सायलेन्सर निळा का पडतो? गिऱ्हाईक विचारेल तेव्हा काय सांगायचं



गॅरेज टाकायचंय, स्पेअर पार्टचं दुकान टाकायचंय म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिल्याच बैठकीत एक प्रश्न टाकतो. दुकानासमोर चार महिने जुनी बुलेट येऊन थांबली. मालक उतरला, इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीकडे, म्हणजे बेंड पाईपकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, हे निळं-पिवळं कशामुळं झालंय? इंजिनला काही झालंय का?" आता तुम्ही काय सांगणार?

उत्तरं साधारण दोन प्रकारची येतात. एक, "काही नाही हो, होतंच असं." दुसरं, "ऑइल जळत असंल, खोलून बघावं लागंल." पहिलं उत्तर बऱ्याचदा खरं असतं. पण त्यात कारण नाही, त्यामुळे दोन लाखांच्या आसपास पैसे घालून गाडी घेतलेल्या माणसाचं समाधान होत नाही. तो पुढच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारतो. दुसरं उत्तर बहुतेक वेळा चूक असतं आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं. देवणीसारख्या गावात ही गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही. उदगीरला नाहीतर पलीकडे भालकीला दुसऱ्या मिस्त्रीने गाडी बघितली, "हे कुणी खोललं?" असं विचारलं, की तुमचं नाव निघालंच.

म्हणून आज हा एकच विषय घेऊ. निळा रंग म्हणजे नेमकं काय, तो कधी साधा असतो, कधी बिघाडाची खूण असतो, आणि त्यावर छोट्या दुकानाला सरळ मार्गाने पैसे कसे मिळवता येतात.

हा डाग नाही

थंड पाईपवर पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं फिरवा. ऑइल, ग्रीस, धुळीचा थर निघून येईल. निळा रंग जागचा हलणार नाही. कारण तो बाहेरून येऊन बसलेला नाही, धातूच्या पृष्ठभागातच तयार झालेला आहे.

धातू हवेत तापला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाशी जोडला जातो आणि ऑक्साइडचा एक थर तयार होतो. हा थर किती पातळ? माणसाच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढा. आणि तो जवळजवळ पारदर्शक असतो. उजेड पडला की काही प्रकाश थराच्या वरच्या बाजूवरून परत येतो, काही खाली धातूपर्यंत जाऊन परत येतो. हे दोन्ही एकत्र आले की काही रंग एकमेकांना मारतात, काही रंग उठून दिसतात. पावसाळ्यात बसस्टँडसमोरच्या डबक्यावर डिझेलचा थेंब पडला की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ना, तोच प्रकार. डिझेल काही निळं-जांभळं नसतं. थराची जाडी बदलली की रंग बदलतो, एवढंच.

तापमान वाढत गेलं की थर जाड होत जातो आणि रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि मग निळा. हा क्रम आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. घिसाडी किंवा लोहार छन्नीला पाणी देतो ते लक्ष देऊन बघा. तापवलेल्या छन्नीचं टोक तो पाण्यात बुडवतो, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि नुसता बघत बसतो. मागच्या गरम भागातून उष्णता टोकाकडे सरकते आणि तिच्याबरोबर पिवळा, तपकिरी, जांभळा असे पट्टे सरकत येतात. त्याला हवा तो रंग टोकाला पोचला की परत पाण्यात. त्याच्याकडे थर्मामीटर नसतो, रंग हाच थर्मामीटर. बेंड पाईपवर दिसतात ते हेच पट्टे. फरक एवढाच की इथे बघत बसायला कुणी नसतं.

साध्या पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा ३०० अंशांच्या आसपास. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, ते थर लवकर वाढू देत नाही. त्यामुळे तिथे फिकट पिवळ्यालाच २९० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि निळा दिसायला ५०० च्या वर. म्हणजे दोन गाड्यांवर सारखाच निळा दिसला तरी दोन्ही पाईप सारखेच तापले असं म्हणता येत नाही. आधी पाईप कशाचा आहे ते बघायचं. आणखी एक गोष्ट, वेळही मोजावा लागतो. कमी उष्णतेत जास्त वेळ राहिलेला पाईपही हळूहळू पुढच्या रंगावर जातो.

एवढी उष्णता येते कुठून

पेट्रोल इंजिनात जळून बाहेर पडणारा वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ ६०० अंश किंवा त्याहून जास्त तापलेला असू शकतो. पाईपचा बाहेरचा भाग एवढा तापत नाही, कारण समोरून वारा लागतो. पहिलं वळण सगळ्यात गरम असतं, तिथून पुढे उष्णता कमी होत जाते. म्हणून धडधाकट गाडीतही पहिल्या वळणावर निळसर, पुढे सोनेरी आणि त्यापुढे स्वच्छ क्रोम असं दिसतं. बुलेट, क्लासिकसारख्या गाड्यांत हा पाईप चकचकीत, मोठा आणि उघडा असतो, म्हणून डोळ्यांत भरतो. स्प्लेंडरवाला सहसा हा प्रश्न विचारत नाही. त्याचा पाईप तापत नाही असं नाही, त्याचं लक्ष तिकडे नसतं.

आता गाडी उभी आहे आणि इंजिन चालू आहे, असं धरा. वारा बंद. नवी गाडी दारात आली, पूजा झाली, मग मित्रांना आवाज ऐकवायला पंधरा मिनिटं स्टँडवर रेस केली. तेवढ्यात पाईपला सोनेरी कडा येऊ शकते. वर आपला मे महिना.

गॅरेजवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. ट्यूनिंग करताना गाडी उभ्या जागी वीस मिनिटं चालते. गिऱ्हाईकाने चकचकीत पाईपची गाडी दिली आणि संध्याकाळी निळी होऊन परत मिळाली, तर दोष तुमच्यावर येणार आणि तो बऱ्यापैकी खराही असणार. उपाय साधा आहे. ट्यूनिंगच्या वेळी इंजिनासमोर मोठा उभा पंखा लावा. आणि गाडी घेतानाच बेंड पाईपचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे, पण वाद झाला तर तोच फोटो कामाला येतो. शटर लावून आत इंजिन चालू ठेवायचं नाही, हेही इथेच सांगतो. थंडीत काही जण ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

नवा पाईप बसवल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी तो स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. ऑइलच्या हाताचे ठसे तापल्यावर तिथेच भाजून बसतात, आणि मग गिऱ्हाईकाला तुमची बोटं रोज दिसत राहतात.

रंग जुना इतिहास सांगतो

हा मुद्दा नीट समजून घ्या, बाकीचं सगळं यावर उभं आहे. एकदा तयार झालेला थर पाईप थंड झाल्यावर जात नाही. म्हणजे पाईपचा रंग आज इंजिन कसं चालतंय ते सांगत नाही. पाईपने आजवर कधीतरी किती ताप सोसला, ते सांगतो. सहा महिन्यांपूर्वी बिघाड होता, दुरुस्त झाला, तरी निळा तसाच राहणार. त्यामुळे नुसता रंग बघून इंजिन खोलायला सांगणं म्हणजे जुन्या एक्स-रेवरून आजचं ऑपरेशन ठरवणं झालं.

आमच्याकडे दूध घालणारा एक जण गाडी घेऊन आला होता. दोन्ही बाजूंना कॅन, सकाळ-संध्याकाळ खेडी. पाईप पहिल्या वळणापासून थेट सायलेन्सरच्या तोंडापर्यंत निळा-जांभळा. एका शहरातल्या गॅरेजमध्ये त्याला बोअर-पिस्टनचं काम सांगितलं होतं आणि हजारांत आकडा दिला होता. पैसे कुठून उभे करायचे हा त्याचा प्रश्न होता, गाडी बंद तर दूध बंद. आमच्या मिस्त्रीने आधी विचारलं, "मालक, धूर निघतो का? ऑइल कमी होतंय का?" दोन्ही नाही. ऑइल जळत असतं तर निळसर धूर दिसला असता आणि ऑइलची पातळी उतरली असती. मग प्लग काढला, तर टोक पांढरंफटक. गॅस सोडला की सायलेन्सरमधून फट-फट आवाज. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर होती, तिथून जादा हवा ओढली जात होती. तो जोड बदलला, कार्बोरेटर लावून घेतला, काम काही शेकड्यांत झालं.

पण पाईप निळाच होता. तो म्हणाला, "मग बरं झालंय हे कळणार कसं?" रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजेच तपासणीची पद्धत. पाईपचा एक हातभर भाग पॉलिशने स्वच्छ करायचा, फोटो काढायचा, किलोमीटर लिहून ठेवायचे. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर परत बघायचं. पहिल्या वळणावर थोडा सोनेरी आला तर ते साधं आहे. पुन्हा झपाट्याने निळा झाला आणि सायलेन्सरकडे सरकला तर कारण अजून आत आहे. त्याच्या पाईपवर महिनाभराने फक्त वळणाजवळ पिवळसर झाक होती.

बिघाडाची शंका कधी घ्यायची? रंग पहिल्या वळणावर न थांबता लांब पसरला असेल तेव्हा. इंटरसेप्टरसारख्या दोन सिलेंडरच्या गाडीत एक पाईप निळा आणि दुसरा स्वच्छ असेल तेव्हा. अंधारात पाईप लालसर दिसत असेल तेव्हा तर लगेच, कारण डोळ्याला लाल दिसणारा धातू ५०० अंशांच्या वर गेलेला असतो.

कारणं शोधताना मिस्त्री मंडळींत एक गैरसमज हटकून भेटतो. एअर फिल्टर चोंदला म्हणून पाईप निळा पडला, असं म्हणतात. चोंदलेल्या फिल्टरने हवा कमी मिळते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काळा होतो. उष्णता वाढवणारी गोष्ट सहसा उलटी असते: हवा जास्त, पेट्रोल कमी. फिल्टर काढून टाकलेला असतो, जेटमध्ये कचरा असतो, रबरी जोड फाटलेला असतो, बेंड पाईपचं गॅस्केट गळत असतं. त्याखेरीज स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल सिलेंडरमध्ये पुरतं जळून होत नाही आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर ती आग पाईपात जाते. एक्झॉस्टचं टॅपेट फार टाईट असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गरम वायू निसटत राहतो. यातलं एकही काम इंजिन खोलण्याचं नाही. प्लग, टॅपेट, गॅस्केट, कार्बोरेटर एवढं बघून झाल्याशिवाय मोठ्या कामाचा शब्द तोंडातून काढू नका.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि चित्र थोडं बदललं. नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, त्यामुळे स्क्रू फिरवून मिश्रण जमवायचं काम संपलं. पाईपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिनाजवळ असतो आणि काम करताना स्वतःही उष्णता तयार करतो. त्याच्याभोवती थोडा रंग येणं साधं आहे. मात्र गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. मिसिंग, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा आणि कन्व्हर्टरच्या डब्यावर नवा निळा रंग, ही तिन्ही एकत्र दिसली तर स्कॅनर लावायलाच पाहिजे. तुमच्याकडे स्कॅनर नसेल तर तसं सांगून पुढे पाठवा.

हल्ली लोक इथेनॉलचंही विचारतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, आणि आपल्या भागातल्या उसाचा त्यात वाटा आहे, म्हणून चर्चाही जास्त. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं हवेच्या बाजूला सरकतं. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाड्या ते स्वतः जमवून घेतात. जुन्या गाडीचा कार्बोरेटर नव्याने लावून द्या. पण निळ्या पाईपचं सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका, बाकीची कारणं तपासायची राहून जातात.

घासण्याआधी थांबा

निळा रंग निघतो. पण घाई केली तर पाईपच जातो.

चकचकीत क्रोमचा थर किती जाड असतो असं विचारलं तर लोक मिलिमीटरमध्ये बोलतात. खरं म्हणजे शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. त्याच्याखाली निकेलचा थर असतो, तो बराच जाड आणि किंचित पिवळसर. पाईपला आरशासारखी चमक देणारा निकेलच, क्रोम त्याचं रक्षण करतो आणि त्याला निळसर पांढरी झळाळी देतो. आता कुणी काचपेपर, तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची तारेची घासणी घेऊन बसलं, तर निळ्याबरोबर क्रोमही निघून जातो. खाली पिवळट दिसायला लागतं. मग "अजून पिवळं राहिलंय" म्हणून आणखी घासलं जातं. तो पिवळा निकेल आहे, तो निघायचा नाही, आणि निकेललाही ओरखडे पडले की पहिल्या पावसाळ्यात गंज.

संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोम सरळ विरघळवतं. पाच मिनिटं पाईप मस्त दिसतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, पंधरा दिवसांनी परत येतं. स्टेनलेससाठी वर्कशॉपमध्ये पिकलिंग पेस्ट मिळते, तीही दुकानात आणू नका. तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकतं, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं. योग्य सोय आणि शिक्षण असलेल्या कारखान्याचं ते काम आहे.

बरोबर पद्धत अशी. पाईप पूर्ण थंड. साबणपाण्याने धुऊन कोरडा. क्रोमसाठी मिळणारी बारीक पॉलिश पेस्ट, खास निळेपणा काढायची मिळाली तर उत्तम. मऊ सुती कापड, हलका हात, थोडी थोडी जागा. निळा गेला की थांबायचं, चमक वाढते म्हणून पुढे घासत बसायचं नाही. स्टेनलेसच्या पाईपवर मुळातच रेघांची फिनिश असेल तर त्या रेघांच्याच दिशेने बारीक नायलॉनचं पॅड चालतं, आडवं फिरवलं की ओरखडे दिसतात.

आपल्याकडे काही डाग निळ्याशी संबंध नसलेले येतात. बोअरचं जड पाणी गरम पाईपवर पडलं की पांढरे ठिपके बसतात, ते पातळ व्हिनेगरने पुसून लगेच साध्या पाण्याने धुतले की जातात. कॅरीबॅग किंवा रेनकोट चिकटून जळालेलं असेल तर पाईप कोमट असताना लाकडी पट्टीने सोडवायचं. खताचं पोतं गाडीवरून नेताना पोटॅश सांडलं असेल तर मात्र त्याच दिवशी धुवायला सांगा, त्यात क्लोराइड असतं आणि ते क्रोमच्या बारीक छिद्रांतून गंज चढवतं.

आणि क्रोम एकदा उडालं असेल तर खरं सांगा. वापरलेला पाईप पुन्हा क्रोम करून द्यायला बरेच प्लेटिंगवाले तयार नसतात, कारण आतली काजळी त्यांच्या टाकीतलं द्रावण खराब करते. बहुतेक वेळा नवा पाईप स्वस्त पडतो.

काळ्या पाईपच्या गाड्यांत रंग भुरकट होतो आणि गंज चढतो. तिथे गंज काढून, थिनरने पुसून, उष्णता सोसणारा सिलिकॉनचा काळा रंग पातळ थरांत मारायचा आणि नंतर इंजिन थोडं चालवून, थंड करून, पुन्हा चालवून तो पक्का करायचा. किती अंशांपर्यंत टिकतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट मारला तर पहिल्याच फेरीत धूर. पाईपला गुंडाळायची पट्टी हल्ली फॅशन म्हणून मागतात. ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतून पाईप गंजतो, हे सांगून मगच विका.

यात पैसे किती

आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, तुमच्या गावचे घालून बघा. समजा पेस्टची डबी ३०० रुपयांना आली आणि तिच्यात १२ गाड्या झाल्या. एका गाडीला २५ रुपये. कापड, साबण, हातमोजे मिळून १५. पोराची पाऊण तासाची मजुरी ६० धरा. १०० रुपये खर्च झाला. याचे २०० किंवा २५० घेतले तर गिऱ्हाईकाला जड नाही आणि तुम्हालाही परवडतं. पण नुसतं पॉलिश विकलं तर महिनाभरात पिवळी झाक परत येते आणि माणूस म्हणतो, फसवलं. त्यामुळे हे काम प्लग बघणं, टॅपेट आणि गॅस्केट तपासणं यांच्यासोबतच द्या, आधीचा-नंतरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि बिलावर स्वच्छ लिहा: "उष्णतेमुळे पहिल्या वळणावर रंग पुन्हा येऊ शकतो." हे वाक्य लिहिल्याने गिऱ्हाईक जाईल अशी भीती नव्या मुलांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आधी सांगितलेली गोष्ट नंतर घडली की माणसाचा विश्वास बसतो, आणि टॅपेटच्या कामातून सुटणारा पैसा पॉलिशपेक्षा जास्त असतो.

हंगामही ओळखा. खंडेनवमी-दसऱ्याला प्रत्येक घरी गाडी धुऊन पूजेला लागते, आणि लग्नसराईत बुलेट चकचकीत पाहिजे असते. त्याच्या दहा दिवस आधी दुकानाबाहेर अर्धा घासलेला, अर्धा निळा असा एक जुना पाईप टांगून ठेवा. पाटीपेक्षा जास्त लोक थांबतात.

वॉरंटीचं विचारलं तर स्वतः निकाल देऊ नका. गिऱ्हाईकासमोर गाडीची पुस्तिका उघडा. पाईपचा रंग बदलणं आणि गंज या गोष्टी सहसा वॉरंटीबाहेर असतात, ते त्याला स्वतः वाचू द्या.

निळा मुद्दाम मागणारे

गंमत अशी की एक गिऱ्हाईक निळा काढायला पैसे देतं आणि दुसरं निळा आणायला. टायटॅनियमच्या महागड्या सायलेन्सरवर जो निळा-जांभळा दिसतो, तोही ऑक्साइडचाच थर. त्याची नक्कल केलेली टोकं बाजारात भरपूर आहेत. नुसतं शोभेचं टोक विकायला हरकत नाही, पण घेताना रंग नखाने निघतोय का तेवढं बघा.

त्यासोबत येणारा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मात्र वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराचे नियम मोडणारी गाडी चालवली तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिने लायसन्सही जातं. पुणे आणि नागपूरमध्ये पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेत. मार्जिन चांगलं आहे म्हणून बरेच दुकानदार ते ठेवतात. आमच्या काउंटरवर पोरं मागायला येतात तेव्हा आम्ही कंपनीचाच सायलेन्सर दाखवतो आणि वर निळं टोक हवं का विचारतो. दहातले चार-पाच तेवढ्यावर खूश होतात, बाकीचे दुसरीकडे जातात.